गाण्यातला ळ

पैज लागली ती दाराच्या तेलावरून.

तेल म्हणजे तो स्प्रे असतो ना, बिजागऱ्या कुरकुरायला लागल्या की मारतात, तो. आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा निमिष ऑगस्टमधल्या एका शनिवारी संध्याकाळी तो स्प्रे हातात घेऊन शेजारच्या सुनेत्राच्या गॅरेजकडे निघाला. आम्ही सगळे गल्लीच्या टोकाला, जिथे रस्ता गोल होऊन संपतो तिथे, खुर्च्या टाकून बसलो होतो. माझा नवरा प्रसन्न ग्रिलवर मक्याची कणसं भाजत होता. अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटात त्या दिवशी इतकं उकडत होतं की कणसं ग्रिलशिवायही भाजली असती.

कुठे चाललास, म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, रोज संध्याकाळी सुनेत्राकाकूंच्या गॅरेजचं दार भयंकर कुरकुरतं, तेवढं तेल मारून येतो.

सुनेत्रा माझ्या शेजारीच बसली होती. तिने तोंड उघडलं, मी तिच्या मांडीला चिमटा काढला. जाऊ दे की त्याला.

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. निमिष वाकून आत गेला आणि तिथेच थबकला. आत बर्फाच्या पेटीवर एक मुलगी बसली होती. पायात बूट, केस पेन्सिल खोचून वर बांधलेले, हनुवटीखाली व्हायोलिन. सुनेत्राची इला. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, आणि नुकतीच परत आईकडे राहायला आलेली.

"मी... मी दाराला तेल मारायला आलो होतो."

"दाराला काय झालंय?"

"कुरकुरतंय."

इलाने व्हायोलिनचा बो उचलला, तारेवरून सावकाश ओढला. "असं?"

"हां, अगदी अस्सं," निमिष म्हणाला, आणि मग त्याला तो बो दिसला.

"दॅट," इला म्हणाली, "वॉज अ वॉल्ट्झ."

आमच्या खुर्च्यांवर जो काही गोंधळ झाला, तो सांगत नाही. प्रसन्नची दोन कणसं जळाली एवढंच सांगते.

खरं तर तिथे सॉरी म्हणून त्याने घरी जायचं. पण मुलगा नागपूरचा, बाजू मांडल्याशिवाय कसा जाईल. कणीस खाता खाता तो समजावायला लागला. तुझं वाजवणं वाईट नाहीये गं, ते म्युझिकच तसं आहे. कंट्री म्युझिक. सगळी गाणी सारखी. एक ट्रक, एक कुत्रा आणि सोडून गेलेली बायको. बायको का गेली, तर ही गाणी ऐकून.

इला शांतपणे कणसाला लिंबू चोळत होती. हे तिचं नुसतं वेड नाही, पोटापाण्याचं काम आहे. अटलांटात एका छोट्या रेडिओ स्टेशनवर ती जुनी रेकॉर्डिंग्ज साफ करते, खरखर काढते, कुठलं गाणं कुणी कुणाकडून उचललं ते शोधते. तिने मान वर केली.

"दिवालीच्या आत तू यातलं एक गाणं म्हणशील. स्वतःहून."

"मी? शक्यच नाही."

"गाणं काय तुला विचारून येतं?"

झालं, पैज. पंच कोण, तर मी. अख्ख्या गल्लीत लोकांच्या मेलबॉक्समध्ये रबरी पाली ठेवणारी बाई मीच, तरी लोक मलाच पंच करतात. मला त्याचं नेहमी आश्चर्य वाटतं. मी लगेच शिक्षा ठरवून टाकल्या, कारण शिक्षा नसेल तर ती पैज कसली, नुसती ऑफिसची मीटिंग. निमिष हरला तर मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर काउबॉय हॅट घालून अख्खं गाणं म्हणायचं.

"आणि इला हरली तर?" सुनेत्राने विचारलं.

निमिष हसला. त्याच्या एव्हाना लक्षात आलं होतं की या मुलीला ळ म्हणता येत नाही. मघाशीच ती म्हणाली होती, "मला कलत नाही तुला काय प्रॉब्लेम आहे." त्याने तिथल्या तिथे वाक्य रचलं. काळ्यांच्या बाळीने सकाळी जवळच्या तळ्यात केळी विसळली. हे माइकवर म्हणायचं, स्वच्छ.

इलाने करून बघितलं. "काल्यांच्या बालीने सकाली..." आणि थांबली. सगळे हसले, सगळ्यात जास्त तिची आई. इलाने कणसाचा मोठा घास घेतला. तिचे कान लाल झाले होते.

निमिषचं हसू मात्र ते कान बघून मधेच कुठेतरी अडकलं. मी पाहिलं. पंच होते ना.

---

कानात बोळे घालून पैज जिंकायची नाही, अशी एक अट मी मागाहून घातली. दर शनिवारी इला डोंगरात एका गावी वाजवायला जाते, डहलोनेगाच्याही पुढे. तिथे निमिषने जायचं. ऐकायचं आणि कोरडं परत यायचं, तर तो खरा. निमिष म्हणाला, चॅलेंज ॲक्सेप्टेड. घरी असताना मात्र त्याने मोठे हेडफोन घालायला सुरुवात केली. कचरा टाकायला हेडफोन. मागच्या अंगणात माझ्या तुळशीला पाणी घालायला हेडफोन. विचारलं की म्हणायचा, प्रिकॉशन, मावशी.

त्या शनिवारांचं मला सगळं कळायचं. अर्धं निमिष सांगायचा. अर्धं इला आईला सांगायची आणि सुनेत्रा मला कुंपणावरून.

इला जुना पिकअप ट्रक चालवते. पहिल्याच दिवशी निमिष आत चढला आणि पट्टा लावता लावता म्हणाला, "चला, ट्रक तर झाला. कुत्रा कुठाय?"

"कुत्रा गेला. जो मला सोडून गेला ना, त्याच्याबरोबर."

सॉरी म्हणावं की खिडकीतून उडी मारावी ते निमिषला सुचेना. गाडी हायवेला लागल्यावर इलाला हसू आवरेना.

"खरंच गेला?" त्याने हळूच विचारलं.

"दोघं पण. कुत्र्याचं वाईट वाटतं."

"मग हे तर गाणंच झालं की."

"बघ," ती म्हणाली. "तू आत्ताच आत आलास."

ते गाव म्हणजे एक चौक. चौकात घोड्यागाईंच्या खाद्याचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या. मक्याच्या भुशाचा आणि कॉफीचा वास. म्हातारे, एक नर्स, एक दातांचा डॉक्टर. कुणासमोर कागद नाही. एक जण सुरू करतो, बाकीचे हळूहळू आत शिरतात. निमिष कोपऱ्यात पोत्यांवर बसला, चेहरा असा की डेंटिस्टकडे नंबर लावलाय. पण एक गोष्ट त्याला आवडली, हे त्याने मला नाइलाजाने कबूल केलं. गाणं सुरू करण्याआधी प्रत्येक जण सांगायचा, हे मी अमक्याकडून घेतलं, त्याने त्याच्या आत्याकडून. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात ना, तसंच, तो म्हणाला. फक्त इथे हात टोपीला लावतात.

सप्टेंबरमध्ये एकदा परतताना बारीक पाऊस लागला. वायपर चालू, काचेबाहेर डोंगर धुरकट, आणि इलाने त्याला एकच गाणं चार जणांच्या आवाजात ऐकवलं. एक पोरगी नदीच्या उताराशी कंदील घेऊन उभी आहे आणि विली नावाच्या नावाड्याला हाका मारतेय, ओ विली, नाव वळव. बस, एवढंच. आधी एका म्हातारीने अंगणात बसून म्हटलेलं. मग रेडिओवरच्या दोन भावांनी, दुप्पट घाईत. मग गिटारवाल्या एका कॉलेजच्या मुलीने, डोळे मिटून. मग नॅशव्हिलच्या एका गायकाने ढोलबिल घालून.

कुणी कुणाकडून घेतलं ते कसं कळतं, असं निमिषने विचारलं.

"बरोबर म्हटलं तर काहीच कलत नाही," इला म्हणाली. "चुकलं की पत्ता लागतो."

त्या म्हातारीला दुसऱ्या कडव्यातली एक ओळ आठवली नव्हती. तिथे तिने नुसतं हं हं हं केलं होतं. भावांनी पण तिथे हं हं हं केलं, त्यांना वाटलं गाणं असंच आहे. कॉलेजच्या मुलीने तेच हं हं हं असं काही केलं की लोक रडायचे. आणि नॅशव्हिलवाल्याने त्या जागी अख्खी गिटार वाजवली. एका म्हातारीचं विसरणं, आणि त्यावर टाळ्या पडल्या.

निमिष ताठ बसला. म्हणाला, आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये सेम आहे. कोड कुणी कुणाचा उचलला ते चुकलेल्या स्पेलिंगवरून कळतं. चांगल्या कोडला बाप नसतो.

इलाने वायपरचा वेग कमी केला.

"आमच्या घरी आरतीत एक शब्द चुकीचा म्हणतात," तो म्हणाला. "आजोबांनी चुकीचा ऐकला असणार. मग बाबा तसंच, काका तसंच, मी पण तसंच. बरोबर शब्द माहितीये, पण तोंडात येत नाही. लहानपणी मला वाटायचं... कुठेही, कुणाच्याही घरासमोरून जाताना आपली चूक ऐकू आली ना, तर चप्पल काढून सरळ आत जायचं. ते घर आपलंच."

सुनेत्रा म्हणाली, इला घरी आली ती तशीच ट्रकमध्ये बसून राहिली होती बराच वेळ, इंजिन बंद करून.

---

आता त्या गाण्याचं अजून एक आहे, जे निमिषला कुणी सांगितलं नव्हतं.

इला लहान असताना सुनेत्रा नोकरी करायची, तेव्हा शाळेतून आल्यावर ती समोरच्या मिस ओपलकडे असायची. मिस ओपल इथली, जॉर्जियाची, बोलायला लागली की वाक्य जेवणापर्यंत संपायचं नाही. शेंगा मोडता मोडता ती हेच गाणं म्हणायची. तिचा ल असा जड, असा मागे वळलेला, की सहा वर्षांच्या इलाला विली ऐकूच आलं नाही. तिला ऐकू आलं विळी. सुनेत्राने पुण्याहून साडीत गुंडाळून आणलेली विळी घरी होतीच, नारळ खवायची. इलाला वाटलं, त्या पोरीची विळी नदीत पडलीये आणि आता आई रागावणार म्हणून ती रडतेय. ओ विळी, ओ विळी. ती पण रडायची. सुनेत्राने नारळ काढला की विळीवर हात ठेवून बसायची, हरवायला नको म्हणून.

पुढे शाळेने तिचा ळ खाल्ला. बोलताना पोली, डोला, सगलं. पण त्या एका गाण्यात तो राहून गेला, कपाटाच्या मागे खेळणं राहतं तसा. इंग्रजी गाणं आणि त्यात मराठीतला ळ. मिस ओपलने तिला कधी सुधारलं नाही. तिला ते जास्त आवडायचं. आता मिस ओपल नाही. डोंगरातल्या खोलीत, चार जाणत्या लोकांसमोर, इला नीट विली म्हणते, तेच तिचं काम आहे. विळी फक्त गॅरेजमध्ये, एकटी असली की.

एवढं सगळं सांगायचं कारण पुढे येतंय.

ऑक्टोबर लागला, गल्लीतली झाडं लाल झाली, आणि एका सकाळी निमिष माझ्या किचनमध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, मावशी, बेसमेंटसाठी दुसरं कुणी बघून ठेवा. ऑफिस त्याला बेलव्ह्यूला बोलावत होतं. प्रमोशन, मोठी टीम, देशाचं दुसरं टोक. दिवाळीच्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी हो की नाही सांगायचं होतं.

"इलाला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, तिकडे कॉफी छान मिळते."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, हो, ऐकलंय."

मी तडक कुंपणाशी गेले. इला पानं झाडत होती, एकच जागा परत परत. तिचं म्हणणं, मी काय बोलणार? तो पैजेसाठी येत होता. त्याला हे म्युझिक सहन होत नाही, रोज माझ्या अंगणाकडे तोंड करून हेडफोन घालतो. मी राहा म्हणायचं आणि त्याने पोलाइटली प्रमोशन सोडायचं? नो, मावशी. एकदा एका माणसाला राहा म्हटलं होतं. तू बघितलंस, कुत्रा पण थांबला नाही.

म्हणजे झालं असं की एकाला वाटत होतं तिने थांब म्हणावं, आणि दुसरीला वाटत होतं त्याने आधी विचारावं. आणि मधल्या मध्ये सोमवार जवळ येत होता.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सकाळी मी चिवड्याचे पोहे भाजत होते. माझ्या शेगडीशेजारी जमिनीत हीटिंगची जाळी आहे, खालच्या बेसमेंटची खबर तिच्यातून वर येते. कांदा चिरल्याचा आवाज येत होता, टक टक टक. आणि त्याबरोबर गुणगुणणं. मी पोहे हलवायची थांबले. सूर ओळखीचा. मग शब्द आले.

ओ विळी.

ळ. नागपुरी, भरलेला, खणखणीत ळ.

मी शेगडी बंद केली. हा गावी जाऊन ऐकतो ते विली. चारही रेकॉर्डिंग्जमध्ये विली. अख्ख्या अमेरिकेत ळ एकाच जागी म्हणतात, आणि ती जागा आमच्या कुंपणापलीकडे आहे. मग याने ऐकलं कधी, याच्या कानाला तर...

मी ड्रॉवर उघडला. त्याच्या हेडफोनचा चार्जर तिथे पडला होता. गणपतीत त्याने मोदकांच्या गडबडीत माझ्याकडे ठेवला, तो परत मागितलाच नव्हता. म्हणजे गणपतीपासून हेडफोन मेलेले. म्हणजे रोज संध्याकाळी हा माणूस बंद हेडफोन घालून कुंपणाशी उभा. तरीच माझी तुळस कुजायला आली होती, एवढं पाणी.

मी जिन्यावरून खाली वाकले. "काय रे, कुठलं गाणं?"

"गाणं? मी कांदा चिरत होतो, मावशी."

डोळ्यांत पाणी होतं खरं. कांद्याचं असेल.

पंच म्हणून मी त्याच क्षणी निकाल लावायला हवा होता. लावला नाही. सुनेत्राला नाही सांगितलं, प्रसन्नला नाही सांगितलं. आठवडाभर मी हे पोटात ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही काय ताकदीची गोष्ट आहे ते.

---

मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मुलांचे नाच झाले, कुणाचे तरी मुकुट पडले, फराळाची पाकिटं वाटून झाली. प्रसन्न साउंडच्या टेबलाशी. मी स्टेजवर गेले, लोकांना पैज समजावली, तेलाच्या स्प्रेसकट. लोक खूश. मग मी गंभीर चेहरा केला. तो मला फार जमत नाही.

म्हटलं, पंच म्हणून जाहीर करते, निमिषला गाणं म्हणताना कुणीही पकडलेलं नाही. निमिष जिंकला. इला, ये वर.

निमिष चौथ्या रांगेत होता. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला पक्कं माहीत होतं की मी जिन्यावरून ऐकलंय. मी त्याच्याकडे बघून नुसती हसले.

इला वर आली. हिरवी साडी, खाली तेच बूट. माइक धरला.

"काल्यांच्या बालीने..."

हॉल हसला. प्रेमानेच हसला, पण हसला. मागून कुणीतरी म्हणालं, परत. तिने परत घेतलं. काल्यांच्या. ती थांबली, जीभ मागे नेऊन बघितली, लहान मूल करतं तसं. परत ल. या खेपेला हसू मोठं आलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी तिला ळ कसा म्हणायचा ते तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. सुनेत्रा हसायची थांबली होती. इलाचे कान लाल होते. ती हसत होती, पण माइक दोन्ही हातांनी धरला होता.

मी मनात म्हटलं, शरयू, आज तुझी गंमत अंगाशी येणार. तो उठला नाही तर या पोरीला मी काय तोंड दाखवू?

"सकाली ज..."

"थांबा."

निमिष उभा होता. रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांवरून, फराळाच्या पाकिटांवरून वाट काढत तो स्टेजवर आला.

"निकाल चुकलाय. मी हरलोय. केव्हाचाच."

"पुरावा काय?" मी विचारलं. पंच होते ना.

"देतो."

हॅट माझ्या पिशवीत तयार होती. कुर्त्यावर काउबॉय हॅट, आणि तीही प्रसन्नच्या मापाची, त्याच्या भुवयांपर्यंत उतरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. इला बाजूला झाली, हात बांधून उभी राहिली. चेहऱ्यावर काही नाही. पैज जिंकल्याचंही नाही.

निमिषने हात टोपीला लावला. "हे मी शेजारून घेतलंय," तो म्हणाला, आणि सुरू झाला.

आवाज काही विशेष नाही हो त्याचा. सुरुवातीला तर माइकपासून लांबच गेला. पोरगी कंदील घेऊन उताराशी आली, पाणी चढलं, धुकं आलं. लोक अजून हसतच होते. आणि मग त्याने हाक मारली.

ओ विळी.

लोकांना काहीच कळलं नाही. मराठी कानांना त्यात वावगं ते काय वाटणार. पण सुनेत्राने माझा दंड धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. आणि इलाचे बांधलेले हात सुटले.

तो गात राहिला. दुसऱ्या कडव्यात म्हातारी ओळ विसरली होती तिथे त्यानेही हं हं हं केलं, पुन्हा विळीला हाक मारली. कडवं संपलं तेव्हा इला त्याच्या अगदी जवळ येऊन उभी होती. तिला वाटलं माइक लांब आहे. मी प्रसन्नला खूण केली, त्याने आवाज वाढवला. पस्तीस वर्षांच्या संसारात माझं एवढ्या पटकन त्याने पहिल्यांदा ऐकलं.

"चुकलास," ती हळूच म्हणाली. अख्ख्या हॉलला ऐकू आलं. "ते विली आहे."

"माहितीये."

"मग?"

"मी जिथे शिकलो तिथे असंच म्हणतात."

"कुठे?"

"तुझ्या गॅरेजबाहेर. तुळशीपाशी."

"पण तुझे हेडफोन..."

"बंद होते. गणपतीपासून." त्याने हॅट वर सरकवली. "तुला म्हटलं होतं ना, आपली चूक ज्या घरातून ऐकू येईल ते..."

"चप्पल काढून सरल आत."

"हो."

इलाने खाली त्याच्या पायांकडे पाहिलं. तो चौथ्या रांगेतच चप्पल काढून आला होता. स्टेज आहे, दिवा लावलेला आहे, म्हणून असेल. मी काही विचारलं नाही.

"सोमवारी काय सांगणार त्यांना?" तिने विचारलं.

"मला कुणी राहा म्हटलंच नाही अजून."

ती म्हणाली, "इथली कॉफी पण काही वाईट नाही."

"एवढंच?"

"राहा," इला म्हणाली.

मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. निमिष माइक स्टँडला लावून तिचा हात धरायला वळला, तर तिने तोच माइक पुन्हा त्याच्या हातात दिला.

"एक मिनिट. शिक्षा अख्ख्या गाण्याची होती. अजून एक कडवं आहे. मावशी, आहे ना?"

आहे, म्हटलं. पंच म्हणून मला तसूभरही सूट देता येणार नाही.

मग तो बिचारा हरलेला माणूस, भुवयांवर हॅट, अनवाणी पाय, तिसरं कडवं म्हणायला लागला. नाव वळली, कंदील हलला. शेवटच्या हाकेला इलाने त्याच्यात आवाज मिसळला, आणि दोन्ही ळ असे एकावर एक बसले की मघाशी तोंड वेडंवाकडं करून शिकवणाऱ्या काकू गप्प झाल्या. पुढच्या खेपेला काकूंनी स्वतःच साथ धरली. मग त्यांच्या रांगेने. मग अख्ख्या हॉलने, ओ विळी, ओ विळी, ठेका धरून, आरतीसारख्या टाळ्या वाजवत. कुणाला माहीत नव्हतं ती पोरगी कोण आणि तिची विळी कुठे हरवली. पण हाक मारायला कुणी मागे राहिलं नाही.

आता अल्फारेटात ते गाणं असंच आहे. पुढे कधीतरी रेडिओवरची कुणी मुलगी हा ळ कुठून आला म्हणून शोधत निघेल आणि त्या चुकीचा माग काढत सुनेत्राच्या गॅरेजशी येऊन उभी राहील. येऊ दे. दार अजूनही कुरकुरतं, पण आता तिथे कुणी तेल मारत नाही.